‘लुई’ या नावाचा इतिहास : अर्थ, अधिकार आणि लोकप्रियता

प्रास्ताविक

व्यक्तिनाम हे इतिहासाचे काहीसे दुर्लक्षित साधन आहे. शिलालेख, नाणी व दफ्तरे यांतील नावांवरून आपण वंशावळी लावतो. परंतु एखादे नाव का ठेवले गेले आणि ते ठेवण्याचा अधिकार कोणाचा होता, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. फ्रान्समधील ‘लुई’ हे नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सुमारे पंधरा शतके ते या ना त्या रूपात प्रचारात आहे. ते अर्थामुळे टिकले की अधिकारामुळे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नावाचा अर्थ

‘लुई’चे मूळ जुन्या फ्रँक भाषेतील ‘ख्लोडोविग’ या सामासिक नावात आहे. त्यातील पहिल्या पदाचा अर्थ ‘कीर्तिमान’, तर दुसऱ्याचा ‘युद्ध’. पहिल्या पदाचे भाषिक नाते संस्कृत ‘श्रुत’ या शब्दाशी आहे. ‘विश्रुत’ या शब्दातील प्रसिद्धीचा भाव येथेही आहे. म्हणजे ‘रणात विश्रुत झालेला’ असा त्याचा आशय होतो. लॅटिन ‘लुडोविकुस’, जर्मन ‘लुडविग’ आणि फ्रेंच ‘क्लोव्हिस’ ही याच मुळाची रूपे होत. मात्र फ्रँक भाषा गॉलमधून लोपली आणि लॅटिनोद्भव बोली रूढ झाल्या, तेव्हा हा अर्थ सामान्य जनांना अगम्य झाला. नाव राहिले, अर्थ विसरला गेला. म्हणूनच त्याच्या लोकप्रियतेचे कारण अर्थाबाहेर शोधावे लागते.

राजसत्ता आणि संतपरंपरा

मेरोव्हिंजियन घराण्यातील क्लोव्हिस (कारकीर्द 481 ते 511) याने रँस येथे बिशप रेमी यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पुढे 751 मध्ये कॅरोलिंजियनांनी हे घराणे पदच्युत केले. तरीही शार्लमेनने 778 मध्ये जन्मलेल्या आपल्या जुळ्या पुत्रांना ‘लुई’ व ‘लोथार’ ही मेरोव्हिंजियन राजनामे दिली. ज्यांचे सिंहासन घेतले त्यांचीच नावे घेण्यात वारसा सिद्ध करण्याचा हेतू उघड दिसतो. 987 मध्ये सत्तेवर आलेल्या कॅपेट घराण्यानेही तेच केले. त्या घराण्यातील पहिला लुई (कारकीर्द 1108 ते 1137) इतिहासात ‘सहावा’ म्हणून गणला जातो, कारण आधीचे पाच कॅरोलिंजियन आहेत.

नववा लुई 1270 मध्ये ट्युनिसजवळ मरण पावला आणि 1297 मध्ये पोप आठवा बोनिफेस याने त्याला संतपद दिले. येथे नावाला दुसरा आधार लाभला. 25 ऑगस्ट हा संत लुईचा दिवस ठरला आणि राजघराण्याचे नाव चर्चच्या द्वारे सामान्यांच्या घरात पोहोचले. या नावाचे ‘लुईस’ हे पोर्तुगीज रूप पुढे गोव्यातही रुजले. पोर्तुगीज वसाहतवादाचे टीकाकार व पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878 ते 1938) यांचे नाव त्याची साक्ष देते.

क्रांती आणि कायदा

21 जानेवारी 1793 रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. खटल्यात त्याला ‘लुई कॅपेट’ असे संबोधण्यात आले; ‘कॅपेट’ हे आपले नाव नसून एका पूर्वजाचे आहे, असा आक्षेप त्याने घेतला. राजपद काढून घेण्याची एक रीत म्हणजे राजाला सामान्य नागरिकाचे नाव देणे, हे क्रांतिकारकांनी ओळखले होते. या काळात काही बालकांना ‘ब्रूटस’सारखी प्रजासत्ताकवादी नावेही ठेवली गेली.

तथापि राजाबरोबर नाव संपले नाही. 1809 मध्ये खोगीर बनवणाऱ्याच्या घरी लुई ब्रेल आणि 1822 मध्ये चर्मकाराच्या घरी लुई पाश्चर जन्मले. नाव तोवर सिंहासनापासून सुटे होऊन कुटुंबाचे झाले होते. त्यातच 1803 च्या कायद्याने दिनदर्शिकांतील व प्राचीन इतिहासातील नावेच नोंदवण्यास अनुमती दिली. ‘लुई’ला त्यामुळे शासकीय संरक्षणच मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सर्वाधिक ठेवल्या जाणाऱ्या नावांत होते; शतकाच्या उत्तरार्धात मात्र ते जुनाट वाटू लागले.

8 जानेवारी 1993 च्या कायद्याने निवडीचे स्वातंत्र्य पालकांना दिले. नाव बालकाच्या हिताविरुद्ध असेल तरच आता न्यायालय हस्तक्षेप करते. विशेष असे की, या मोकळिकीनंतर अनेक पालक पणजोबांच्या पिढीतील नावांकडे वळले. 2021 मध्ये ‘लुई’ फ्रान्समधील मुलग्यांच्या पहिल्या पाच नावांत होते. परंतु येथे सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वी मोजकीच नावे बहुसंख्य मुलांना पुरत असत. आज अग्रक्रमावरील नावाचा वाटाही दोन टक्क्यांहून कमी असतो. दोन्ही काळांतील ‘लोकप्रियता’ एकाच मापाने मोजता येणार नाही.

समारोप

‘लुई’चा इतिहास हा नाव ठेवण्याच्या अधिकाराच्या हस्तांतराचा इतिहास आहे. राजघराण्याने त्यातून वारसा सांगितला, चर्चने पुण्य जोडले, राज्यसंस्थेने मर्यादा घातली आणि अखेर निवड आईवडिलांकडे आली. नावाची वारंवारता तेवढी मोजून हा बदल दिसत नाही. तेच नाव पूर्वी बव्हंशी रूढीने व कायद्याने मिळे, आज ते निवडले जाते. नामाभ्यासकाने हा भेद नजरेआड केल्यास संख्या बरोबर येऊनही निष्कर्ष चुकण्याचा संभव आहे.