घर जळालं, तट राहिला

काल पुण्यात काम होतं. ते आटपून शनिवारवाड्यात चक्कर टाकली. माझ्या पुढेच एक कुटुंब चाललं होतं. दिल्ली दरवाजातून आत आलं की काय दिसतं, तुम्हाला माहितीय. हिरवळ, दगडी जोती, कारंज्याचा हौद. सात-आठ वर्षांच्या पोरानं विचारलं, "पप्पा, पण वाडा कुठंय?" बापानं तटाकडे बोट दाखवलं. पोराला काही ते पटलं नाही.

पोराचं बरोबर होतं, मंडळी. आपण ज्याला शनिवारवाडा म्हणतो, ते वाड्याचं कुंपण आहे. वाडा गेला त्याला आता दोनशे वर्षं होत आली.

या वाड्याशी आपल्या सासवडचं नातं आहे. बाळाजी विश्वनाथ १७२० साली इथेच वारले, त्यांची समाधीही आपल्याकडेच. पहिल्या बाजीरावांचं बिऱ्हाडही आधी सासवडलाच होतं. पुढे त्यांनी मुक्काम पुण्याला हलवला, १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. खर्च १६,११० रुपये. तटाचं काम मात्र रेंगाळलं. दगडी कोट बांधायला शाहू महाराजांची हरकत होती, म्हणून खाली दगड आणि वर वीट, असं सांगतात. खरंखोटं काही असो, आजही तट खाली घडीव काळ्या दगडाचा आणि वर विटांचा आहे. तो पुरा झाला नानासाहेबांच्या काळात. नऊ बुरूज, पाच दरवाजे. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाला लागतील असे अणकुचीदार खिळे, एका फळीत माणूस वाकून जाईल एवढीच दिंडी आणि आत शिरल्यावर वाट लगेच वळते. शत्रूला सरळ धावत आत घुसता येऊ नये म्हणून.

म्हणजे बाहेरून किल्ला. आत मात्र घर, आणि ते उभं होतं लाकडावर.

हे नीट समजून घ्या. जुन्या वाड्यात भार मुख्यतः भिंत उचलत नाही. दगडी जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंत या सांगाड्याभोवती भरलेली. विटा किंवा पांढरी माती, वर चुन्याचा गिलावा. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि सात दिवस वाडा जळत होता. लाकूड जळालं तसा सांगाडा बसला, त्याच्यासोबत मजले आणि भिंती. तट स्वतःच्या वजनावर उभा होता, त्याला आतल्या लाकडाचा आधार नव्हताच. म्हणून तो राहिला.

त्याआधीच, १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं होतं. आज तो केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो की हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. आतल्या १०० मीटरमधल्या जुन्या घरांची साधी दुरुस्ती करायची, तरी परवानगी लागते. तिथल्या जुन्या वाड्यांतले लोक वर्षानुवर्षं यावर बोलतायत. त्यांचा त्रास खरा आहे. पण मला वेगळीच गोष्ट खुपते.

ज्याचं घर उरलं नाही त्याच्या तटाला कायदा आहे. ज्यांचं घर अजून उभं आहे त्यांना काय आहे?

आपल्या आळ्यांत फिरून बघा. खांब, तुळई, कडीपाट, देवळी, चौक, सगळं जागेवर असलेले वाडे अजून सापडतात. त्या पोराला 'वाडा' दाखवायचा तर तो इथे दाखवता येईल. पुरंदऱ्यांच्या वाड्याचं दर्शन शनिवारवाड्यासारखं आहे, असं आपली जुनी माणसं उगीच नाही म्हणत.

हे वाडे आगीनं जाणार नाहीत. ते जातायत पाण्यानं. कौल सरकतं, पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला लागतं, टोक कुजतं, भार सरकतो आणि भिंतीला पोट येतं. मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारून घेतो. दिसायला झकास. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटनं ती आतच कोंडते. दोन-चार पावसाळ्यांत आतली माती भुसभुशीत. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात हेच झालं. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस आली, मालक म्हणाला पाडू, भाडेकरू म्हणाले आम्ही जायचं कुठं, आणि दोघं भांडत असताना मागची भिंत रात्रीत बसली. नशीब, त्या खोलीत कुणी झोपलं नव्हतं.

म्हणून नगरपालिकेकडे दोनच मागण्या. एक, गावातल्या जुन्या वाड्यांची यादी करा, फोटोसकट. दोन, नोटीस काढण्याआधी लाकूड आणि चुन्याचं काम कळणाऱ्या माणसाकडून वाडा तपासून घ्या. काही वाडे खरंच धोकादायक असतील, ते उतरवावेच लागतील. माणसाच्या जिवापेक्षा वाडा मोठा नाही. पण चार तुळया बदलून जो वाचेल, तो तरी वाचू द्या.

आणि वाडेवाल्यांनो, पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्या. भिंतीत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच काढा. सिमेंटवाल्या मिस्त्रीला नाही म्हणा. यासाठी कुठलाही कायदा लागत नाही.

तुमच्या वाड्याचा जुना फोटो असेल तर खाली टाका. यादीची सुरुवात आपणच करू.