पडद्यावरचे दप्तर : स्टार्ट बटण कोठून आले?

२५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ विक्रीस आली. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ जुलै १९९८ रोजी, अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा निर्माण झाला. मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन, म्हणजे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर, त्या दिवसापासून नव्या जिल्ह्यात मोडू लागले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. मात्र पुढील दशकात अशा गावांतील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आयुष्यात प्रथमच ज्या पडद्यासमोर बसले, त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बहुधा एकच बटण असे. हा धागा त्या बटणाविषयी आहे.

मूळ प्रश्न जुना आहे. पुष्कळ वस्तू साठल्या की हवी ती सापडावी कशी? पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद हवा असेल तर आधी रुमाल कोणता हे ठाऊक असावे लागते. जुन्या कारकुनाचे मोल त्याच्या अक्षराइतकेच या आठवणीत होते.

डॉसच्या काळात संगणकावर रुमालही नव्हते. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचे नाव अचूक टंकित करावे लागे. नाव विसरले की काम थांबले. म्हणून जाणकार मंडळी बॅच फाइल लिहून एक साधी यादी तयार करीत : १ दाबले की वर्डस्टार, २ दाबले की लोटस. प्रोग्राम मांडून ठेवण्याची ही घरगुती युक्ती होती आणि ती उत्तम चालत असे.

१९८१ च्या झेरॉक्स स्टारने वेगळाच विचार मांडला. तेथे माणूस प्रोग्राम उघडत नसे. पडद्यावरचा कागद उघडत असे, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम आपोआप पुढे येई. कल्पना सुंदर होती, यंत्र अतिशय महाग होते. १९८४ च्या मॅकिंटॉशने चित्रांचा पडदा सामान्य ग्राहकापर्यंत आणला. परंतु त्यात एका वेळी एकच मोठा प्रोग्राम चाले. अँडी हर्ट्झफेल्ड यांच्या स्विचरमुळे १९८५ मध्ये एकाहून अधिक प्रोग्राम स्मृतीत ठेवून त्यांत ये-जा करणे शक्य झाले.

मे १९९० मध्ये विंडोज ३.० आली आणि तिच्याबरोबर प्रोग्राम मॅनेजर आला. त्यात प्रोग्रामची चित्रे गटांच्या खिडक्यांत मांडलेली असत. म्हणजे रुमाल आले! अडचण अशी की एका गटात दुसरा गट ठेवता येत नसे. गटही ४० पर्यंतच आणि एका गटात नोंदी ५० पर्यंतच. शिवाय एखादी खिडकी दुसरीच्या मागे गेली की नवख्या माणसाला ती नाहीशीच झाल्यासारखी वाटे. ही उणीव इतकी ठळक होती की नॉर्टन डेस्कटॉपसारखी पर्यायी मांडणी लोक पैसे देऊन विकत घेत.

मायक्रोसॉफ्टने पुढच्या आवृत्तीसाठी नवख्या लोकांना संगणकासमोर बसवून त्यांचे निरीक्षण केले. या कामात डॅनी ओरान हे मानसशास्त्राची पार्श्वभूमी असलेले अभिकल्पक होते. स्टार्ट मेनू आणि टास्कबार या कल्पनांचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. आरंभीच्या नमुन्यात खालच्या पट्टीवर तीन वेगवेगळी बटणे होती. ती एकत्र करून एकच ठेवले आणि त्यावर ‘स्टार्ट’ हा शब्द लिहिला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. पुढे संगणक बंद करण्यासाठीही ‘स्टार्ट’च दाबावे लागते, यावर जगभर विनोद झाले. विनोद रास्त होता, पण निर्णयही रास्त होता : कोठून सुरुवात करावी हेच ज्याला कळत नाही, त्याला एक निश्चित जागा मिळाली.

महाराष्ट्रात ही जागा खेडोपाडी पोहोचवली ती एमएस-सीआयटीने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेला हा अभ्यासक्रम राज्यभरातील अध्ययन केंद्रांत शिकवला जाऊ लागला. शासकीय सेवकांना संगणक अर्हता बंधनकारक झाली आणि ती मुदतीत न मिळवल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूद आली. पन्नाशीला टेकलेल्या कारकुनासाठी वर्डचे चित्र कोठे आहे, हा आता पगाराचा प्रश्न होता.

पुस्तक मराठीत, शिकवणे मराठीत; पडद्यावरचे शब्द मात्र इंग्रजी. त्यामुळे मार्ग पाठ केला गेला तो जागेने : स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग उजवीकडे सरकून तिसरे-चौथे नाव. इंग्रजी वाचनाचा सराव नसलेल्यालाही हा मार्ग हाताने लक्षात ठेवता येत असे. या शिक्षणाला घोकंपट्टी म्हणून हिणवले गेले आहे. ते अर्धेच खरे. ज्या साधनाची भाषा परकी आहे, त्याच्याशी परिचय करून घेण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता.

मांडणीच्या कल्पना पुढेही बदलत राहिल्या. विंडोज एक्सपी तर दर ६० दिवसांनी पडद्यावरची न वापरलेली चित्रे उचलून ठेवण्याची सूचना करी. आवरून ठेवा असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखी, आणि तितकीच दुर्लक्षित. खरा बदल मात्र शोधपेटीने घडवला. मॅकवर २००५ मध्ये स्पॉटलाइट आले, विंडोज व्हिस्टाने स्टार्ट मेनूतच शोधाची पेटी बसवली. आता जागा आठवण्याची गरज उरली नाही. नावाची दोन-तीन अक्षरे टंकित केली की पुरे. वेगाने काम करणाऱ्यांसाठी याहून सोयीचे काही नाही. पण फेरा पूर्ण होऊन गोष्ट पुन्हा डॉसच्या दाराशी आली : नाव ठाऊक हवे, आणि तेही बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत. जागेने शिकलेल्या पिढीचे ज्ञान येथे कमी पडते.

२०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढून टाकले. ओरड इतकी झाली की २०१३ च्या ८.१ आवृत्तीत ते परत आणावे लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ते कोपऱ्यातून हलवून मध्यभागी आणले. टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे नेता येते.