टीप आणि मूळ

देवळाली प्रवरा या गांवाच्या पूर्वेस, प्रवरेच्याच कांठीं, नेवासें आहे. गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारें 9000 ओव्यांची ज्ञानेश्वरी तेथें शके 1212 मध्यें, म्हणजे इ. स. 1290 सालीं, सिद्ध झाली. पुढील तीनशें वर्षांत मराठी भाषा पालटली. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठही बिघडले. शके 1506 मध्यें, म्हणजे 1584 सालीं, एकनाथांनीं तो ग्रंथ शुद्ध केला आणि त्यांत कोणीं आपली ओवी घालूं नये, असें बजावून ठेविलें.

हस्तलिखितांत पाठ बिघडण्याचें एक कारण अगदीं साधें असे. ‘पढियंता’ हा शब्द दुर्बोध झाला, कीं एखादा वाचक त्यावर बारीक अक्षरांत ‘आवडता’ असें लिही. परंतु गळलेला मजकूरही हंसपदाची खूण करून ओळीच्या वर लिहिण्याची चाल होती. पुढचा नकलाकार टीपेलाच गळलेला शब्द समजे, आणि ती मुळांत शिरे. यावर संस्कृत पोथ्यांत त्रिपाठाची तोड निघाली : मधोमध ठळक मूळ, वर व खालीं बारीक टीका. मूळ निर्भेळ राहिलें, पण अर्थ शब्दापासून दूर गेला. छपाई आली, तेव्हां ओळींच्या मध्यें बारीक खिळे बसविणें कष्टाचें म्हणून टीपा पानाच्या तळाशीं गेल्या.

जपानी मुद्रकांनीं मात्र ते कष्ट सोसले. चिनी चित्राक्षरांचा उच्चार शेजारीं बारीक अक्षरांत देणें तेथें रूढ होतें. इंग्रज मुद्रक साडेपांच पॉइंटांच्या टाइपाला ‘रुबी’ म्हणत. तेंच नांव या टीपेस मिळालें. संगणकाच्या पडद्यासाठीं तिचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें 2001 सालीं मांडले. फायरफॉक्स ब्राउझरांत ती सोय 38 व्या आवृत्तीबरोबर 2015 सालीं आली.

ब्राउझरांतील मांडणीचें यंत्र मूळ शब्दाची व टीपेची रुंदी निरनिराळी मोजतें आणि जी अधिक, तितकी जागा त्या जोडीला देतें. ‘रिगणें’ या शब्दावर ‘प्रवेश करणें’ अशी टीप असली, तर शब्दाच्या दोहों बाजूंस मोकळी जागा सोडावी लागते. ओळींत जागा उरली नाहीं, तर जोडी मिळूनच खालीं उतरते. देवनागरींत आणखी एक अडचण आहे. शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा व रफार आधींच बसलेले असतात. टीप त्यांच्याही वर चढवावी लागते.

अर्थ शब्दाच्या माथ्यावर असावा आणि तरी मुळांत मिसळूं नये, या दोन्ही गोष्टी आतां एकत्र नांदूं शकतात, कारण मूळ व टीप यांना वेगळ्या खुणा असतात. मात्र ती खूण मनुष्यानेंच करावयाची असते. ती चुकली, तर यंत्र ती चूकही प्रत्येक वाचकापुढें नीटनेटकी मांडील. नेवाशाच्या ग्रंथाला 1584 सालीं जो डोळसपणा लागला, तोच येथेंही लागतो.