आरमाराचा पावसाळा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आम्हां मंडळींना देखभालीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. यंत्र वर्षभर चालावे असे वाटत असेल तर ते काही दिवस थांबवून, उघडून, त्याचा झिजलेला भाग बदलावा लागतो, हे येथील साधा कामगारही जाणतो. हीच दृष्टी घेऊन आम्ही मराठ्यांच्या आरमाराकडे वळलो, म्हणजे एक उणीव जाणवते. आरमाराच्या लढाया आम्ही आवडीने वाचतो. आरमाराच्या पावसाळ्याची चौकशी मात्र क्वचितच करतो.

युरोपातील पुष्कळशा नावा थंडीत विसावतात. आमच्या कोकणात मृगाचा पाऊस दर्या बंद करतो आणि नारळी पौर्णिमेला तो पुन्हा खुला होतो. मधल्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवण्याची रीत कोळी-गाबितांत जुनीच आहे. परंतु ही विश्रांती नव्हे. खाऱ्या पाण्यातील किडा लाकूड आतून पोखरतो; म्हणून तळ खरवडणे, त्याला तेल पाजणे, सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासणे, दोर वळणे, शिडे शिवणे, ही कामे याच उसंतीत उरकावी लागतात.

ही निकड राज्यकर्त्यांनीही ओळखली होती. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवछत्रपतींनी आरमाराचा पाया घातला. त्या परंपरेचा अनुभव रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात नमूद केला. दर्या खवळण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस आरमार छावणीस न्यावे, दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, असे ते बजावतात. लाकडाविषयीचा त्यांचा विचार तर आजही अंतर्मुख करणारा आहे. अरण्यातील सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणस उपयोगाचा असला तरी त्याला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. आरमाराच्या डागडुजीचा भार गरिबाच्या परसावर पडू नये, इतकी दक्षता त्यात आहे.

आंग्र्यांच्या काळी हे सामर्थ्य शिगेस पोहोचले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटणच्या खाडीकाठी खडक फोडून केलेली गोदी त्याची साक्ष देते. तिकडे मुंबईस इंग्रजही स्वस्थ नव्हते. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी वाडियांना आणून त्यांनी जहाजबांधणीस जोर दिला आणि १७५० मध्ये दगडी सुकी गोदी सिद्ध केली. स्पर्धा तोफांइतकीच गोद्यांचीही होती.

या स्पर्धेत घाव बसला तो मात्र घरच्यांच्या साहाय्याने. तुळाजी आंग्र्यांचे बळ मोडण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार विजयदुर्गात शिरले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या एका जहाजावर तोफेचा पेटता गोळा पडला, आणि त्या आगीत बंदरातील सारे आरमार भस्म झाले. पुढे याच विजयदुर्गावर पेशव्यांचे आरमार उभे राहिले, आनंदराव धुळपांनी पराक्रमही केला. परंतु आंग्र्यांचा पूर्वीचा दरारा काही परत आला नाही.

तुळाजी दोषी की नानासाहेब, हा वाद चालत राहील. आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न हा, की त्या एका दिवसात जळाले काय? केवळ गुराबा आणि गलबते नव्हेत. कित्येक पावसाळे चिखलात उभे राहून ज्या सुतार-लोहारांनी, खलाशांनी ती तरती ठेवली, त्यांचे संचित जळाले. लढाई सरदाराच्या नावे लिहिली जाते, डागडुजी कोणाच्याच नावे लिहिली जात नाही. म्हणून ती लवकर विसरली जाते. आणि जे राज्य ती विसरते, त्याला पुढला हंगाम गाठणे कठीण होते.