दूरध्वनीवरील खोटी मतचाचणी : साउथ कॅरोलायना, इ. स. २०००

खोटा कागद झाला तरी तो कागद असतो. त्याचें वळण, शाई, शिक्का हीं तपासतां येतात, आणि लबाडी करणाराचा हात पुष्कळदां त्या वळणांतच सांपडतो. परंतु जी लबाडी कागदावर उतरतच नाहीं, सायंकाळीं घरोघर टेलिफोन वाजवून केवळ कानांत सांगितली जाते, तिचा शोध संशोधकानें कसा करावा? अमेरिकेंत 'पुश-पोल' या नांवानें ओळखला जाणारा निवडणुकींतील प्रकार या जातीचा आहे. 'पुश' म्हणजे ढकलणें. मत विचारण्याच्या मिषानें मतदाराच्या मनांत किल्मिष घालून त्यास एका उमेदवारापासून दूर ढकलावयाचें, असा हा डाव आहे.

खरी चाचणी व तिचें सोंग यांतील भेद आंकड्यांवरून कळतो. खरी चाचणी घेणारा पांचशें-हजार माणसें निवडतो, पुष्कळ प्रश्न विचारतो, वय व शिक्षण लिहून घेतो. कारण त्यास उत्तर पाहिजे असतें. सोंग करणारास उत्तर नकोच असतें. एक-दोन प्रश्न विचारून तो मिनिटाच्या आंत टेलिफोन खालीं ठेवितो आणि हजारों घरें गांठतो. मतचाचणी-संस्थांच्या राष्ट्रीय मंडळानें १९९५ सालींच वृत्तपत्रांस याविषयीं सावध केलें होतें.

या प्रकाराचें सर्वांत गाजलेलें उदाहरण साउथ कॅरोलायनाचें. १ फेब्रुवारी २००० रोजीं न्यू हँपशायर राज्यांत रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं जें मतदान झालें, त्यांत सेनेटर जॉन मॅकेन यांनीं टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांस सुमारें अठरा टक्क्यांनीं मागें टाकलें. पुढचा सामना १९ फेब्रुवारीस साउथ कॅरोलायनांत होता. मधल्या दिवसांत तेथें मॅकेन यांच्याविरुद्ध नाना कंड्या पिकल्या. व्हिएतनाममधील साडेपांच वर्षांच्या कैदेनें त्यांची बुद्धि ठिकाणावर राहिली नाहीं, ही एक. त्यांस काळ्या स्त्रीपासून अनौरस मूल झालें आहे, ही दुसरी, आणि अधिक विषारी. हिचें बीज उघड होतें. मॅकेन दांपत्यानें बांगलादेशांतील मदर तेरेसांच्या अनाथाश्रमांतून आणलेली एक सांवळी मुलगी दत्तक घेतली होती, आणि प्रचाराच्या वेळीं ती आईबापांबरोबर लोकांच्या दृष्टीस पडत असे. ज्या कृत्याबद्दल कोणीही त्यांस धन्यवाद द्यावे, त्याचाच असा विपर्यास झाला.

आतां पुरावा पाहूं. पहिला समकालीन आहे. १० फेब्रुवारीस स्पार्टनबर्ग येथील सभेंत एका बाईंनीं उठून सांगितलें कीं, आपल्या चौदा वर्षांच्या मुलानें टेलिफोन घेतला असतां, मॅकेन हे लुच्चे, खोटारडे व ठक आहेत, असें पलीकडून त्यास ऐकविण्यांत आलें. साक्ष ताजी आहे व भरसभेंत झालेली आहे. मात्र तींत दत्तक मुलीचा उल्लेख नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरा पुरावा प्रतिपक्षाचा. बोभाटा होतांच बुश यांच्या मोहिमेनें आपण करविलेल्या टेलिफोनांची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि असे टेलिफोन सुमारें तीनशें झाले, असें सांगितलें. प्रश्नावलींत मॅकेन यांच्याविरुद्ध एकतर्फी विधानें आहेत. पण शिवीगाळ नाहीं. तीनशें हा आंकडाही, वर दिलेल्या कसोटीप्रमाणें, सोंगापेक्षां चाचणीसच अधिक जुळतो. आमच्या कोणी असे अपशब्द वापरले असल्यास त्यास काढून टाकूं, असें खुद्द बुश म्हणाले.

तिसरा पुरावा लेखी आहे, पण टेलिफोनाचा नव्हे. बॉब जोन्स विद्यापीठांतील एका प्राध्यापकानें मॅकेन यांस विवाहबाह्य संतति आहे, असा ई-मेल पाठविला होता. दूरचित्रवाणीवर त्यास आधार विचारला, तेव्हां नाहीं हें तुम्हीच सिद्ध करा, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें!

राहिला तो प्रसिद्ध प्रश्न : मॅकेन यांस अनौरस काळें मूल आहे असें कळल्यास आपण त्यांस मत देण्याचा संभव वाढेल कीं घटेल? हा प्रश्न जगापुढें विशेषेंकरून आणला तो मॅकेन यांचे मोहीमप्रमुख रिचर्ड डेव्हिस यांनीं, 'बॉस्टन ग्लोब' पत्रांत, २१ मार्च २००४ रोजीं. म्हणजे चार वर्षांनंतर, आणि पराभूत पक्षाच्या कारभाऱ्याकडून. तथापि त्याच लेखांत ते स्वच्छ कबूल करितात कीं, टेलिफोन कोणीं केले, पैसे कोणीं दिले, किती केले, यांतलें आपणांस कांहींच ठाऊक नाहीं. ही कबुली त्यांच्या पक्षास सोयीची नाहीं, म्हणून ती आम्ही विश्वसनीय मानितों.

यावरून आमचें मत असें कीं, कंडी पिकली होती हें निश्चित. ती चाचणीच्या सोंगानें टेलिफोनवरून फिरली हें संभवनीय. आणि बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनीं ती फिरविली हें असिद्ध. रोव्ह यांनीं तें सदैव नाकारलें आहे. लाभ ज्याचा, कृत्य त्याचें, हा तर्क शोधाची दिशा दाखवितो, निवाडा देत नाहीं. आमच्या वाचकांस 'ध'चा 'मा' ठाऊकच आहे. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला. 'धरावें'चें 'मारावें' झालेला मूळ कागद आज कोणाच्या दप्तरांत दाखवितां येत नाहीं. तरी लोकांनीं आनंदीबाईंचा हात केव्हांच ओळखून ठेविला आहे! रोव्ह यांच्या बाबतींत तेंच चाललें आहे.

करविता सांपडतच नाहीं, असें मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियांत १९९५ सालच्या कॅनबेरा येथील पोटनिवडणुकींत, मजूर पक्षाच्या स्त्री-उमेदवार नवव्या महिन्यापर्यंत गर्भपातास अनुकूल आहेत, असें सुचविणारा प्रश्न टेलिफोनवरून विचारला गेला. त्या बाई अब्रुनुकसानीच्या दाव्यास उभ्या राहिल्या, आणि प्रतिपक्षाकडील मंडळींस क्षमा मागून भरपाई द्यावी लागली. दावा झाला म्हणून करविते उजेडांत आले. साउथ कॅरोलायनांत असा दावा झाला नाहीं. न्यू हँपशायरनें १९९८ सालीं अशा टेलिफोनांत आपण कोणाकरितां बोलतों हें सांगण्याची सक्ति केली होती. तो कायदा अर्थातच त्याच राज्यापुरता.

१९ फेब्रुवारीस बुश यांस सुमारें ५३ टक्के व मॅकेन यांस ४२ टक्के मतें पडली. एकूण मतें पावणेसहा लाखांच्या घरांत होतीं. खोट्या टेलिफोनांची संख्याच ज्ञात नसल्यामुळें त्यांनीं किती मतें फिरलीं याचें गणित मांडतां येत नाहीं, आणि जे मांडतात ते कल्पनेनें मांडतात.

तीनच दिवसांनीं मिशिगन राज्यांत मतदान होतें. तेथें कॅथलिक मतदारांस 'कॅथलिक व्होटर अलर्ट' या नांवानें टेलिफोन गेले. बुश यांनीं पोपची निंदा करणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठांत जाऊन भाषण केलें, असा त्यांचा रोख होता. हें चाचणीचें सोंग नव्हतें, आणि २ फेब्रुवारीचें तें भाषण खरेंच झालें होतें. परंतु टेलिफोन कोणाचे, हें त्यांत सांगितलेलें नव्हतें. विचारणा होतांच मॅकेन यांच्या माणसांनीं प्रथम कानांवर हात ठेविले. मागाहून त्यांनीं कबूल केलें कीं, टेलिफोन आमचेच. मिशिगनमध्यें मॅकेन विजयी झाले.