काचेतला समुद्र आणि उन्हाळा : घरगुती प्रवाळटाकी गार ठेवण्याची पावणेदोनशे वर्षे

गेल्या मे महिन्यात ठाण्याला मामाकडे गेलो होतो. मामाच्या बैठकीच्या खोलीत ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दुपारी गेलेली वीज रात्रीपर्यंत आली नाही. संध्याकाळी टाकीतला तापमापक ३३ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करत होते. सकाळी त्यांपैकी एकच जिवंत होता. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू इतिहास शिकतोस ना? मग सांग, वीजच नव्हती तेव्हा लोक हे कसं सांभाळत होते?"

त्या प्रश्नाचा माग काढता काढता हा धागा तयार झाला. लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ १८४६ सालचा. ॲना थिन ही इंग्लंडमधील एक गृहिणी टॉर्की येथे समुद्रकाठी गेली असता तिला खडकांवर कपाच्या आकाराचे लहान प्रवाळ आढळले. पती वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी असल्यामुळे बिऱ्हाड लंडनच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर. तिने सुई-दोरा घेतला, ते प्रवाळ एका मोठ्या स्पंजला टाके घालून जोडले आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीतून ते लंडनला आणले. पाणी शिळे होऊ नये म्हणून मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पुढे तिने त्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या. हे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

त्या मोलकरणीचे नाव मला कुठेही सापडले नाही. आज ज्या कामासाठी पंप, पंखा आणि विजेचे बिल लागते, ते काम तिच्या दोन हातांनी केले. ओतण्याचा उद्देश पाण्यात हवा मिसळण्याचा होता. परंतु वाऱ्यासमोर पातळ धारेने पडणारे पाणी थोडे गारही होते. हा गारवा अनायासे मिळालेला लाभ असावा, असे माझे अनुमान आहे.

एक खुलासा येथेच करतो. ॲना थिनचे प्रवाळ थंड समुद्रातले, एकेकटे राहणारे होते. ज्यांच्यापासून प्रवाळभिंती उभ्या राहतात ते उष्ण कटिबंधातील प्रवाळ वेगळे. त्यांच्याकडे पुढे येऊ.

१८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून त्यांचा परस्परांना कसा आधार होतो, हे १८५० मध्ये मांडले. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' खुले झाले. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' प्रसिद्ध झाले आणि त्या शब्दाने घराघरांत प्रवेश केला. मध्यमवर्गाला एकच वेड लागले. दिवाणखान्यात खिडकीपाशी काचेची पेटी, तिच्यात समुद्रपुष्पे, खेकडे, कोळंबी.

आणि घोटाळा झाला तो त्या खिडकीमुळेच. वनस्पतींना प्रकाश हवा, प्रकाशामुळे प्राणवायू मिळतो. तेव्हा टाकी जितकी उजेडात तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज होता. फिश हाऊसची इमारतसुद्धा लोखंड आणि काच यांची. ऊन चढले की अशा इमारतीची भट्टी होते, शैवाल माजते, पाणी हिरवे पडते. घरच्या पेटीचे याहून वाईट. तिला चहूबाजूंनी पारदर्शक भिंती आणि आत जेमतेम दोन-तीन बादल्या पाणी. बाहेरच्या समुद्राला काही अंश तापायला महिने लागतात. या पेटीला एक दुपार पुरते.

हे ज्याने नीट ओळखले तो विल्यम अल्फर्ड लॉइड कुणी विद्यापीठीय पंडित नव्हता. पुस्तकबांधणीचे काम करणारा हा कारागीर जलजीवांच्या नादी लागला आणि लंडनच्या पोर्टलंड रोडवर त्याने मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान थाटले. १८५८ ची त्याची किंमतसूची हा आजच्या अभ्यासकासाठी खजिनाच आहे : टाक्या, प्राणी, समुद्राचे पाणी, जे जे लागेल ते सारे. पुढे दुकान बुडाले. पण तोवर त्याची कीर्ती युरोपात पोहोचली होती. पॅरिस, हॅम्बर्ग आणि १८७१ मध्ये लंडनचा क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालये त्याच्या हातून उभी राहिली. नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयासाठीही त्याचाच सल्ला घेण्यात आला.

लॉइडचे तत्त्व ऐकायला अगदी साधे आहे. लोकांना दिसते ते पाणी थोडे. न दिसणारे पाणी त्याच्या कितीतरी पट. क्रिस्टल पॅलेसमध्ये दर्शनी टाक्यांच्या खाली जमिनीत प्रचंड अंधारे हौद होते. वाफेच्या यंत्राने तेथील पाणी सतत वर चढे, टाक्यांतून फिरे आणि पुन्हा खाली उतरे. जमिनीच्या पोटात ऊन पोहोचत नाही, म्हणून पाणी गार. अंधारात शैवाल वाढत नाही, म्हणून पाणी स्वच्छ. आणि साठा मोठा, म्हणून एखाद्या तप्त दिवसाने त्याचे फारसे बिघडत नाही. वेल्सच्या एडवर्ड एडवर्ड्सची तिरक्या पाठीची टाकीही लॉइडने वापरली. तिच्यात दर्शनी भागाच्या मागे अंधाऱ्या पाण्याचा कप्पा असे. एका वाड्याची विहीर आणि तळघर एकत्र आणावेत, तशी ही सारी रचना होती.

माझ्या मते लॉइडचे खरे श्रेय यंत्रात नाही, निदानात आहे. उष्णता हा लहानपणाचा रोग आहे, हे त्याने ओळखले. घनाकृती टाकीची बाजू निम्मी केली की पाणी आठव्या हिश्श्यावर येते, पण पृष्ठभाग मात्र चौथ्या हिश्श्यावरच थांबतो. म्हणजे दर लिटर पाण्यामागे खोलीची उष्णता आत घेणारी जागा दुप्पट होते. आजही जाणकार लोक टाकीखालच्या कपाटात पाण्याची आणखी एक टाकी ठेवतात. लॉइडच्या तळघराचा तो खुजा वंशज होय.

परंतु लॉइडचे बहुतेक प्राणी थंड समुद्रातले होते. उष्ण कटिबंधात जन्मलेल्या प्रवाळाला उन्हाळ्याची कसली भीती, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर १९१४ मध्ये आल्फ्रेड मेयर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिले. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर कार्नेगी संस्थेची सागरी प्रयोगशाळा होती. तेथे त्याने प्रवाळांना हळूहळू तापवत नेले. निष्कर्ष धक्कादायक निघाला : उन्हाळ्यात या प्रवाळांना जे तापमान रोज सोसावे लागते, त्याच्या अवघ्या काही अंश वर त्यांचा मृत्यू उभा असतो. उष्ण प्रदेशातील प्राणी उष्णतेला सरावलेला असतो, हे खरेच. पण तो कड्याच्या अगदी टोकाशी राहतो.

१९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ब्रिटिश मोहीम गेली. तिचा नेता मॉरिस यंग निघाला तेव्हा अवघा २८ वर्षांचा होता. (आपल्यापैकी बरेच जण त्या वयात प्रबंधाचा आराखडा मंजूर होण्याची वाट पाहत असतात.) लो आयल्स या चिमुकल्या बेटावर मुक्काम ठोकून यंग आणि ऑब्री निकोल्स यांनी प्रवाळांचे निरीक्षण केले. त्यांचा लेख १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. भित्तिनिर्मात्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पाणी तापले की प्रवाळ हेच शैवाल शरीराबाहेर टाकतो, असे त्यांना दिसले. आज ज्याला आपण प्रवाळाचे विरंजन म्हणतो, त्याच्या पहिल्या शास्त्रीय वर्णनांपैकी हे एक. तापलेल्या पाण्यात, प्रखर उजेडात शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक रसायने निर्माण होतात. म्हणून अन्नदात्यालाच घराबाहेर काढण्याची वेळ येते. मग पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी पडतो.

घरगुती प्रवाळटाकीचा खरा जन्म मात्र प्रयोगशाळेत नव्हे, जकार्तात झाला. ली चिन एंग या तेथील हौशी माणसाने समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच भांडवलावर प्रवाळ जगवले. त्याचा लेख १९६१ मध्ये एका अमेरिकी मत्स्यपालन मासिकात छापून आला. जकार्ता विषुववृत्ताजवळचे. तेथील हवा आणि तेथील समुद्र यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, म्हणून लीचे काम सोपे झाले, असे मला वाटते. त्याची पद्धत थंड देशांत गेली तेव्हा सूर्याची जागा दिव्यांनी घ्यावी लागली, आणि १९८० च्या दशकात जर्मनी-अमेरिकेतील हौशी मंडळी मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे टाकीवर टांगू लागली.

येथे थोडा हिशेब करू. २५० वॉटचा दिवा १० तास चालला, तर ९,००० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ती सगळी २०० लिटर पाण्यातच राहिली असती, तर पाणी १० अंशांहून अधिक तापले असते. बरीचशी उष्णता हवेत जाते हे खरे, तरी उरलेली पुरेशी आहे. हिवाळ्यात ज्यांना हीटर लागे, त्यांनाच उन्हाळ्यात शीतयंत्र घ्यावे लागले. शीतयंत्राची गंमत अशी, की ते उष्णता नाहीशी करत नाही. टाकीतून काढून खोलीत सोडते. खोली बंद असेल तर तीच उष्णता फिरून टाकीकडे येते. पुढे एलईडी दिवे आले आणि हा भार पुष्कळ हलका झाला.

आता मामाच्या प्रश्नाकडे. वीज नसताना काय करायचे?

पहिली सुचणारी युक्ती म्हणजे फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत तरंगत ठेवणे. एक लिटरची बाटली पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याइतकी होईपर्यंत सुमारे ४९० किलोज्यूल उष्णता शोषते. १०० लिटर पाणी त्यामुळे सव्वा अंशाच्या आसपास उतरते. याउलट एक लिटर पाण्याची वाफ झाली तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. तेच १०० लिटर पाणी साडेपाच अंशांहून अधिक उतरू शकते. आपला माठ हे गणित न मांडता पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर वारा घालणे हा त्याचाच प्रकार. बॅटरीवरचा लहान पंखा त्याला पुरतो.

मात्र माठ नागपूरला जसा गार होतो तसा मुंबईत होत नाही. विदर्भातील मे महिन्याची कोरडी हवा वाफ झटकन उचलते. कोकणपट्टीची दमट हवा आधीच भरलेली असते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ठाण्यात का चालत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून किनाऱ्यावर पंख्याचा भरवसा अर्धाच धरावा, टाकीवरचे दिवे दुपारऐवजी रात्री लावावेत, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा असावा आणि खाणे कमी घालावे. मासे गुदमरतात तेही उष्णतेमुळेच. २५ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे फार तर पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांना सहाच्या आसपास; आणि नेमका तेव्हाच माशाला अधिक प्राणवायू लागतो.

मामाच्या टाकीत प्रवाळ नाही, आणि नसावाच. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरही आहे. पण २००१ पासून भित्तिनिर्मात्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले आहे. आपल्या समुद्रातला प्रवाळ तोडून घरी आणणे हा गुन्हा आहे.

बाष्पीभवनाची एक किंमत मोजावी लागते. वाफ होते ती गोड्या पाण्याची. मीठ मागेच राहते. ६० लिटरमधून तीन दिवसांत सहा लिटर पाणी उडाले आणि भर घातली नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले मीठ ३९ च्या जवळ पोहोचते. गॉस यांच्या काळातील हौशी मंडळींनाही हे ठाऊक होते. समुद्राचे पाणी उडाले की ते त्यात साधे पाणी घालत.

मामाला हे सगळे सांगितले तेव्हा त्याने टाकीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. काचेवर पाण्याच्या पातळीशी पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. रोज सकाळी चहाआधी तो फिल्टरचे गोडे पाणी त्या पट्टीपर्यंत भरतो. "हे मला कुणी शिकवलं नाही हो," मामा म्हणाला, "पहिले चार मासे मेल्यावर कळलं."