स्प्रेडशीटमधील ‘साइन’ : कोन अंशांत की रेडियनमध्ये?

उतरत्या छपराचा वासा सहा मीटर लांब असून आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर त्याची दोन टोके उंचीने किती अंतरावर असतील? त्रिकोणमितीनुसार वाशाची लांबी गुणिले कोनाचे साइन, हे त्याचे उत्तर. मात्र स्प्रेडशीटमध्ये ‘=६*साइन(४५)’ असे सूत्र दिल्यास ५.११ मीटर उत्तर मिळते. प्रत्यक्षात ही उंची ४.२४ मीटर आहे. तब्बल ८६ सेंटिमीटरचा हा फरक संगणक निदर्शनास आणून देत नाही. कारण त्याच्या दृष्टीने सूत्र बिनचूक असते.

एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क आणि गुगल शीट्स या तिन्हींमध्ये साइन, कॉस व टॅन ही फंक्शन्स कोन रेडियनमध्ये दिला आहे, असे गृहीत धरतात. १८० अंश म्हणजे पाय रेडियन. अर्थात एक रेडियन सुमारे ५७.३ अंशांचा असतो. त्यामुळे योग्य सूत्र ‘=६*साइन(रेडियन्स(४५))’ असे होते. ‘=६*साइन(४५*पाय()/१८०)’ असेही लिहिता येते. संगणकावर ही सूत्रे रोमन लिपीत टाइप करावी लागतात.

३० अंशांच्या बाबतीत हीच चूक झाल्यास ०.५ ऐवजी उणे ०.९९ असे उत्तर येते. उंची उणे आल्याने चूक लगेच उमगते. ४५ अंशांचे चुकीचे उत्तर मात्र पटण्याजोगे दिसते, म्हणून ते अधिक धोक्याचे.

उलट गणितात, म्हणजे उंचीवरून कोन काढताना, ‘एसाइन’ फंक्शनचे उत्तरही रेडियनमध्येच येते. ते ‘डिग्रीज’ने अंशांत बदलावे. तसेच ‘साइन(पाय())’चे उत्तर नेमके शून्य न येता अतिसूक्ष्म अपूर्णांक येतो. संगणक पायची किंमत मर्यादित अंकांपर्यंतच साठवतो, हे त्याचे कारण. अशा वेळी ‘राउंड’ वापरावे.

‘साइन’ या शब्दाचे मूळ भारतीय आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथात अर्धज्यांचे कोष्टक दिले होते. संस्कृतमधील ‘जीवा’ हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला, तो पुढे ‘जैब’ असा वाचला गेला आणि त्याच्या लॅटिन भाषांतरातून ‘सायनस’ आले. शालेय भूमितीत वर्तुळाची ‘जीवा’ आजही शिकविली जाते.

कोणताही तक्ता तयार करताना एका सेलमध्ये ३० अंशांचे साइन काढून पाहावे. उत्तर ०.५ आले, तरच पुढील आकडे भरावेत.